अनुभव धागा : स्टेनो, पीए, ईए – तुम्ही हे काम कसं शिकलात?

माझी भाची बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला साहेबांच्या केबिनबाहेरचं काम शिकायचंय. पूर्वीचं सेक्रेटरीचं, आताचं एक्झिक्युटिव्ह असिस्टंटचं. घरचे म्हणतात, यात शिकायचं काय, चुणचुणीत पोरीला आपोआप जमतं. मला हे अजिबात पटत नाही. याच कामावर मी घर चालवलंय, आणि ते कुणीतरी बसवून शिकवावं लागतं. तेव्हा कुठे शिकलात, काय कामी आलं, सविस्तर लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. गावातल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये गोदरेजच्या मशीनवर इंग्रजी ३० आणि ४० (म्हणजे मिनिटाला तेवढे शब्द) केलं. परीक्षा राज्य परीक्षा परिषदेची. स्पीडचा सगळ्यांना धसका असायचा, पण मला घडवलं ते स्टेटमेंटने, म्हणजे रकान्यांचा तक्ता टाइप करण्याने. प्रत्येक रकान्यातला सगळ्यात लांब शब्द शोधायचा, त्याची अक्षरं मोजायची, सगळ्या रकान्यांची बेरीज कागदाच्या रुंदीतून वजा करायची, उरलेली जागा समास आणि रकान्यांच्या मधे वाटायची. हे सगळं पहिली की दाबायच्या आधी. पुढे संगणक आला, पण कागद हातात घेतल्यावर तो पुरा झालेला कसा दिसेल हे आधी बघायची सवय तिथलीच.

केंद्र सरकारी कार्यालयातला स्टेनो, मुंबई

ताई, शॉर्टहँडबद्दल लिहितो. पिटमन या शॉर्टहँडच्या पद्धतीत प आणि ब ची रेघ एकच, प बारीक आणि ब ठळक. वेगात लिहिताना स्वर गाळावे लागतात. मग रेघ ओळीच्या वर आहे, ओळीवर आहे की ओळीला छेदून, त्यावरून स्वर ओळखायचा. घाईत रेघ जराशी खाली सरकली की शब्द बदलला. एसएससीच्या (केंद्राच्या स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या) स्टेनो ग्रेड डी परीक्षेला मिनिटाला ८० शब्दांनी १० मिनिटं डिक्टेशन, म्हणजे ८०० शब्द, आणि इंग्रजीत ते संगणकावर उतरवायला ५० मिनिटं. ग्रेड सी ला वेग १००. मुलं नुसता हात पळवायच्या मागे लागतात. आमचे सर आज घेतलेलं डिक्टेशन उद्या वाचायला लावायचे. ताजं असताना निम्मं आठवणीवर निभावतं. दुसऱ्या दिवशी वहीत जे खरोखर उतरलंय तेवढंच वाचता येतं. भाचीला हे पहिल्या आठवड्यापासून करायला सांगा.

आयटीआयची विद्यार्थिनी

आमच्याकडे स्टेनोग्राफर अँड सेक्रेटेरियल असिस्टंट हा एक वर्षाचा ट्रेड आहे. शॉर्टहँडबरोबर पत्रव्यवहार आणि फायलिंगही शिकवतात. महागडे खाजगी कोर्स बघण्याआधी जवळच्या आयटीआयमध्ये चौकशी करा.

ईए, पुणे

मला शॉर्टहँड येत नाही आणि कधी अडलंही नाही. खाजगी कंपनीत रेकॉर्डिंग असतंच. माझं निम्मं काम कॅलेंडरचं. आमची एक बैठक पुणे, लंडन आणि न्यूयॉर्क मिळून होते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेची घड्याळं एक तास पुढे जातात, लंडनची मात्र शेवटच्या रविवारी. आपली हलतच नाहीत. न्यूयॉर्कच्या सकाळी ९ ला लावलेली बैठक हिवाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला असते, ती साडेसहावर येते. आणि मधल्या त्या दिवसांत लंडनवाल्यांची दुपारी २ ऐवजी १ ला, ऐन जेवणाच्या वेळी. माझ्या सीनियर मॅडमनी शिकवलं होतं : बैठक लावतानाच विचारायचं, वेळ कोणत्या शहराच्या घड्याळाला बांधायची?

बैठकीचे मिनिट्स, म्हणजे इतिवृत्त लिहिणंही त्यांनीच शिकवलं. कोण काय बोललं याचं पुराण नको. काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. आणि 'बघू' म्हणून सोडून दिलेला मुद्दा ठरलेल्यांत घालायचा नाही.

राज्य शासनातला लघुलेखक

पुण्याच्या ताईंचं त्यांच्या जागी बरोबर आहे, पण सरकारी स्टेनोच्या भरतीत लघुलेखन, म्हणजे शॉर्टहँड, लागतंच. लघुटंकलेखकाला ८०, निम्नश्रेणीला १००, उच्चश्रेणीला १२० चा वेग, शिवाय टायपिंगचं प्रमाणपत्र. रेकॉर्डिंगचं म्हणाल तर एका खोलीत आठजण एकदम बोलायला लागले की नंतर ते ऐकत बसण्यात दिवस जातो. वहीत साहेबांचा निर्णय तेवढा टिपलेला असतो. त्यावरून इतिवृत्ताचा मसुदा संध्याकाळपर्यंत टेबलावर जातो.

मराठी टायपिंगबद्दल एक : नव्याने शिकणाऱ्याने इनस्क्रिप्ट हा कीबोर्ड घ्यावा. टाइपरायटरवरून आलेल्या रेमिंग्टन कीबोर्डमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारतात, इनस्क्रिप्टमध्ये उच्चाराप्रमाणे अक्षरानंतर. एकदा बोटांना एक सवय लागली की दुसरी लावणं फार जड जातं.

धागाकर्ती

दादा, हे फार मोलाचं सांगितलंत. भाचीशी बोलले. ती इंग्रजी ४० आणि इनस्क्रिप्ट लगेच सुरू करतेय. शॉर्टहँड सरकारी परीक्षा द्यायची ठरली तरच. नाहीतर तो वेळ एक्सेल आणि पत्रलेखनाला द्यावा असं मी म्हटलंय. आता फोनबद्दल कुणी लिहाल का? साहेब कुठे आहेत, कुणाबरोबर आहेत हे न सांगता समोरच्याचा निरोप नीट कसा घ्यायचा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. तुमच्या ऑफिसात नव्या मुलीला ते कसं शिकवता?