जॉईस बांडांनी गायी वाटल्या: शेतकरी बाईसाठी की मतपेटीसाठी?

शेवंता
आफ्रिकेतल्या मलावी देशाच्या जॉईस बांडांबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही, म्हणून हा धागा. 2012 ते 2014 त्या राष्ट्राध्यक्ष होत्या, पण मला त्याआधीच्या बांडा जास्त आवडतात. मारझोड करणाऱ्या नवऱ्याला 1981 मध्ये तीन मुलांसह सोडणाऱ्या, कपड्यांचा कारखाना आणि बेकरी चालवणाऱ्या, 1990 मध्ये उद्योजक बायकांची संघटना काढून खेड्यातल्या बायकांना कर्ज आणि प्रशिक्षण मिळवून देणाऱ्या. 1997 चा हंगर प्रोजेक्ट या भूकनिर्मूलन संस्थेचा आफ्रिका पुरस्कार त्यांना मोझांबिकच्या अध्यक्षांसोबत विभागून मिळाला.

अध्यक्ष झाल्यावर त्यांनी गरीब घरांना गायी वाटल्या, त्याची चिक्कार टिंगल झाली. मला मात्र ते शहाणपणाचं वाटतं. दूध पोरांच्या पोटात, शेण मक्याच्या वावरात. हे बाईलाच सुचतं.

गोफण
ताई, शेवटचं वाक्य सोडून द्या. गायी आपल्याकडेही पुरुष मंत्र्यांनी वाटल्यात आणि त्यांचं काय झालं ते गावोगाव माहीत आहे.

या बाईंच्या सभांमध्ये गायींबरोबर मक्याची पोतीही वाटली जायची. शेतकरणीला पोतं हातात मिळतं, पण बाजारात भाव पडला की तिला वाली कोण? शिवाय सत्तेवर आल्या आल्या, मे 2012 मध्ये, तिथल्या चलनाचं, क्वाचाचं, 33 टक्के अवमूल्यन. खत जवळपास सगळं आयातीचं. म्हणजे एका हाताने गाय दिली आणि दुसऱ्या हाताने खताचं पोतं आवाक्याबाहेर नेऊन ठेवलं.

जुना_हिशेबनीस
गोफणराव, अर्धाच हिशेब मांडलात. आधीचे राष्ट्राध्यक्ष मुथारिका यांनी क्वाचाचा दर अडवून धरला होता. परकीय चलन संपलं, 2011 मध्ये पेट्रोल-डिझेलला रांगा लागल्या. डिझेल नाही तर खत गावात पोचणार कसं? अवमूल्यन कुणीही आलं असतं तरी करावंच लागलं असतं. बाईंनी निदान स्वतःचा पगार 30 टक्के कापला, सरकारी विमान विकलं. आणि तंबाखू ही तिथली मुख्य निर्यात, त्या शेतकऱ्याला क्वाचात जास्त पैसे मिळाले की.

लिंबगाव
मी तेव्हा मलावीतल्या ब्लँटायर शहरात नोकरीला होतो, म्हणून चार ओळी जास्त.

हिशेबनीस काका, तंबाखूचे पैसे जास्त मिळाले हे खरं, पण कुणाच्या खिशात? लिलावाला पुरुष जातो. बाईच्या वाट्याला मका आणि भुईमूग, आणि विकत घ्यायचं ते मीठ, साबण, खत. फायदा एकीकडे, तोटा दुसरीकडे, एकाच घरात!

दुसरं म्हणजे दक्षिण मलावीत बऱ्याच समाजांत जमीन आईकडून मुलीकडे जाते, लग्नानंतर नवरा बायकोच्या गावी राहायला येतो. आपण सातबारावर बाईचं नाव लागावं म्हणून इतकी वर्षं भांडतोय, तिथे ते रीतीनेच आहे. तरी निर्णयात मामाचा शब्द मोठा. आणि 2005 पासूनचं सवलतीच्या खताचं कूपन तेव्हा कुटुंबाला मिळायचं: एक पोतं मिश्रखत, एक युरिया. कुटुंब म्हणजे कोण, ते यादी करणारा ठरवायचा. मका पेरायचा नोव्हेंबर-डिसेंबरात. कूपन उशिरा आलं की ते खत मक्याच्या काय कामाचं? बांडांनी ही योजना चालू ठेवली, यादी मात्र तशीच राहिली. माझी तक्रार गायींबद्दल नाही, या यादीबद्दल आहे.

(अवांतर: पेट्रोलच्या रांगेत मी रात्र काढली आहे. मुंबईच्या पाणीकपातीची आठवण झाली.)

शेवंता
कूपनाचं पटलं. पण दोन वर्षांत कुणी काय काय बदलावं? संघटनेतल्या बाईला त्या ओळखत होत्या. यादीतल्या बाईपर्यंत पोचायला मधे अख्खी नोकरशाही.

गोफण
आणि त्या नोकरशाहीने काय केलं? 2013 चं कॅशगेट! सरकारी तिजोरीतून कोट्यवधी गेले, देणगीदार देशांनी हात आखडता घेतला. बाईंनी मंत्रिमंडळ बरखास्त केलं, तरी मे 2014 च्या निवडणुकीत तिसऱ्या क्रमांकावर. गायी घेतलेल्यांनी तरी मत दिलं का, कोण जाणे.

जुना_हिशेबनीस
मग मतपेटीसाठी वाटल्या हा तुमचा मुद्दाच बाद झाला की.

गोफण
काका, हरलेला सट्टाही सट्टाच असतो.

लिंबगाव
मला एवढंच विचारायचंय की ती गाय आजारी पडली, तर डॉक्टर किती मैलांवर होता?