सोसायटी ग्रुप : ऑफिसचा नॅस बॉक्स बंद पडलाय

सेक्रेटरी : नमस्कार मंडळी. काल वळवाच्या पावसात लाईट दोन-तीनदा गेली-आली, तेव्हापासून ऑफिसातला नॅस बॉक्स (नेटवर्कवरून सगळ्यांना वापरता येणारा डिस्कचा डबा) बंद आहे. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग, ऑडिटचे कागद, सगळं त्यातच. कॅमेरेवाला म्हणतोय नवीन बॉक्स बसवून डिस्क फॉरमॅट मारूया.

बी-४०२ : काका, त्याला डिस्कला हातच लावू देऊ नका. फॉरमॅट मारलं की संपलं.

ए-१०१ : २०१९ च्या पुरात रजिस्टरं भिजली म्हणून स्कॅन करून त्यात टाकलेली. ती बी गेली म्हणायची?

बी-४०२ : नाही ओ काकू. डेटा डिस्कवर असतो, बॉक्सात नाही. आणि आधी ॲडॅप्टर बघा, बऱ्याचदा तोच गेलेला असतो. मीटर हाय का कुणाकडं?

सी-२०३ : माझ्याकडं हाय. १२ व्होल्ट बरोबर दाखवतोय.

बी-४०२ : नुसता दाखवेल, लोड आला की बसतो. तेवढ्याच व्होल्ट-अँपिअरचा दुसरा लावून बघा.

सी-२०३ : लावला. पंखा एक गिरकी घेतो आणि गप्प.

बी-४०२ : मग बोर्ड गेला.

सी-३०४ : कशाला एवढा व्याप? एक डिस्क काढून लॅपटॉपला लावतो, कॉपी मारतो. अर्ध्या तासाचं काम.

बी-४०२ : भावा, ४ टीबीच्या चार डिस्क रेड ५ मध्ये आहेत, म्हणजे चारी मिळून एकच साठा. फाईलचे तुकडे चारींवर पसरलेत, एका डिस्कएवढी जागा पॅरिटीला (एक डिस्क मेली तर तिचा डेटा परत बनवायचा हिशेब), म्हणून वापरायला १२ टीबी मिळतात. एकटी डिस्क वाचून हाताला काय लागणार नाही. वर बॉक्सात विंडोज नाही, लिनक्स ही दुसरी सिस्टिम असते. तिचं पार्टिशन विंडोजला ओळखता येत नाही, ते लगेच विचारतंय, फॉरमॅट करू का? घाईत ‘हो’ दाबलं की बसा बोंबलत.

खजिनदार : दुसऱ्या कंपनीचा चार डिस्कचा बॉक्स बराच स्वस्त मिळतोय. तो नको का?

बी-४०२ : नको वहिनी. सिनॉलॉजी असो नाहीतर क्यूनॅप, आत लिनक्सच असतं, पण एकाच्या डिस्क दुसऱ्यात सरळ चालत नाहीत, नवा बॉक्स त्या कोऱ्या करायला मागतो. आपल्याच कंपनीचा, चार किंवा जास्त खणांचा घ्या. कुठल्या मॉडेलमधून कुठल्यात डिस्क नेता येतात त्याची यादी कंपनीच्या साइटवर असते, ती बघूनच ऑर्डर द्या. राजारामपुरीतल्या दुकानांत आधी विचारा, लगेच मिळेल.

सेक्रेटरी : तीन कोटेशनं घ्यावी लागतील.

बी-४०२ : घ्या की. तोवर डिस्क आहेत तिथंच राहू देत. काढायच्या वेळी वायर काढून, प्रत्येक डिस्कवर मार्करनं १, २, ३, ४ घाला आणि फोटो काढा. लिनक्स क्रम स्वतः ओळखतं, पण आपण उगाच परीक्षा का घ्या? नव्या बॉक्सात त्याच खणात घाला. चालू केल्यावर ‘मायग्रेट’ विचारलं तर तेच निवडायचं. ‘नवीन सेटअप’, ‘इनिशियलाइज’ असलं काय दिसलं तर बटण न दाबता मला फोन.

सी-३०४ : आणि बॉक्स मिळालाच नाही तर?

बी-४०२ : जुन्या पीसीत चारी डिस्क लावायच्या, पेनड्राइव्हवरून उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) चालू करायचं आणि एमडीॲडम या त्यातल्या टूलनं रेड जोडून फक्त वाचण्यापुरतं उघडायचं. होतं, पण ते शेवटचं.

*(पुढचा रविवार)*

सेक्रेटरी : बॉक्स बसला! ‘मायग्रेट’ म्हटलं, फोल्डर, पासवर्ड सगळं जसंच्या तसं. फक्त कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग येईना.

बी-४०२ : राउटरमध्ये आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) जुन्या बॉक्सच्या मॅक पत्त्याला, म्हणजे त्या मशीनच्या स्वतःच्या नंबराला, बांधला होता. नव्याला वेगळा आयपी मिळाला, कॅमेरे जुन्याच पत्त्यावर पाठवतायत. राउटरमध्ये नवा मॅक टाकतो, येतोच खाली.

ए-१०१ : सभांची रजिस्टरं दिसली रे बाबा. पण हे सगळं परत तळमजल्यावरच ठेवणार? पंचगंगा ४३ फुटांवर गेली की आमच्या पोटात गोळा येतो.

बी-४०२ : बॉक्स वर हलवूया. आणि कागदपत्रांची एक कॉपी यूएसबी डिस्कवर, वहिनींच्या घरी. रेडमुळं एक डिस्क मेली तर काम चालू राहतं, पण कुणी फाईल डिलीट केली तर ती चारींवरून एकदमच जाते.

खजिनदार : यूएसबी डिस्कचं बिल सोसायटीच्या नावानं घ्या, मागच्या खेपेसारखं कच्च्या पावतीवर नको.

सेक्रेटरी : जुना बॉक्स भंगारात देऊ?

बी-४०२ : द्या. ॲडॅप्टर तेवढा ठेवा, तो चांगला आहे.