सोलापूर: रोजच्या १८ किमीसाठी १०० सीसी गाडीऐवजी सायकलला मोटर किट बसवावं का?

विजापूर_रोड:
नमस्कार मंडळी. जुळे सोलापूर ते अक्कलकोट रोड एमआयडीसी अशी रोजची ये-जा आहे, एका बाजूनं साधारण ९ किमी. महिन्याला २६ दिवस धरले तर गाडी ४६८ किमी पळते आणि ५० च्या मायलेजनं नऊ-साडेनऊ लिटर पेट्रोल जातं. वर्षाचं ११० लिटरच्या वर. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं, त्यामुळं हा फक्त खिशाचा प्रश्न वाटत नाही. घरी २६ इंची, सहा गिअरची सायकल आहे. लोखंडी फ्रेम, व्ही-ब्रेक. मागच्या चाकात २५० वॅटची मोटर बसवायचा विचार आहे. पाळी दुपारी तीनला सुटते, म्हणजे एप्रिल-मेमध्ये ४२-४३ अंशांत परत यायचं. नुसत्या पायडलवर तेवढं झेपणार नाही. बॅटरी कुठली घ्यावी, आणि बसवताना नेमकं काय बिघडतं?

हब_मोटर:
तुमचं अंतर आणि आपलं सपाट गाव, दोन्ही याला अगदी योग्य आहेत. गिअर असलेली मागची हब मोटर (चाकाच्या मधल्या तुंब्यातच बसणारी) घ्या, ३६ व्होल्ट २५० वॅट. ५०० किंवा ७५० वॅटच्या मोहात पडू नका. पाव किलोवॅटच्या आत आणि ताशी २५ किमीच्या आत असलेली सायकलच नोंदणी-लायसन्सच्या कक्षेबाहेर राहते. शिवाय व्ही-ब्रेकला त्यापुढचा वेग झेपत नाही.

मोटर विकत घेण्याआधी फ्रेमच्या मागच्या दोन खाचांमधलं, म्हणजे चाकाचा आस बसतो त्या खाचांमधलं, अंतर पट्टीनं मोजा. गिअरच्या सायकलींना साधारण १३५ मिमी असतं, मोटरही तेवढीच असते. पाच-सात मिमी कमी भरलं तर लोखंडी फ्रेम हळूहळू फाकवता येते. ॲल्युमिनियमची कधीच फाकवू नये, तडा जातो.

सगळ्यात जास्त किट मरतात ती मोटरच्या आसामुळं. मोटर चाक पुढं फिरवते तेव्हा आस तितक्याच जोरानं उलटा फिरू बघतो. त्याला धरून ठेवतात त्या आसाच्या दोन सपाट बाजू, एकमेकींपासून १० मिमी अंतरावरच्या. नट थोडा जरी सैल पडला तर आस खाचेतच गरकन फिरतो, सोबत वायर पिळली जाते, आतल्या जाड वायरी एकमेकींना टेकतात आणि कंट्रोलर (मोटरला वीज सोडणारा डबा) जळतो. म्हणून टॉर्क आर्म हवाच, ४-५ मिमी जाड पोलादी पट्टीचा. त्याचं दुसरं टोक मागच्या दांड्याला क्लॅम्पनं आवळायचं. खाचेवरचा रंग कानशीनं काढून टाका. रंग दबला की नट आपोआप ढिला होतो. नट १८ च्या पान्यानं पक्का आवळा (३५ ते ४० न्यूटन-मीटर), आणि पहिल्या आठवड्यात दर दोन दिवसांनी तपासा. वायर आसातून निघाल्यावर आधी खाली झोळ देऊन मग वर न्यायची, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून मोटरमध्ये न जाता झोळातून ठिबकतं.

पायडल फिरतंय हे ओळखून मोटर चालू करणाऱ्या पायडल सेन्सरची चुंबकांची चकती बसवायला क्रँक (पायडलचा दांडा) काढावा लागतो. चौकोनी आसाचा असेल तर पुलर (क्रँक ओढून काढायचं अवजार) लागतो, हातोडा मारू नका. चकतीवर बाण असतो, तो पायडल फिरण्याच्या दिशेनं ठेवायचा. चुंबक आणि सेन्सर यांच्यात २-३ मिमी फट ठेवा. उलटी बसली तर पायडल मागं फिरवल्यावर मोटर धावते. ब्रेकच्या मुठीतला कट-ऑफ, म्हणजे ब्रेक दाबताच मोटर बंद करणारा स्विच, न जोडता सायकल रस्त्यावर आणू नये. सात रस्त्याच्या गर्दीत ब्रेक दाबलाय आणि मोटर ढकलतेय, हे फार धोक्याचं आहे. स्पोक १२ गेजचे घ्या आणि १००-१५० किमी झाल्यावर चाक एकदा ट्रू करून (स्पोक ताणून सरळ करून) घ्या. नवे स्पोक तेवढ्यात बसतात आणि सैल पडतात.

ऊन_पाऊस_वारा:
बॅटरीचं मी सांगतो. सोलापूरच्या उन्हाला एलएफपीच (लिथियम आयर्न फॉस्फेट). १२ सेल सिरीजमध्ये आणि दोन-दोन पॅरलल, ३२७०० मापाचे ६ अँपिअर-तासाचे सेल, म्हणजे ३८.४ व्होल्ट १२ अँपिअर-तास, साधारण ४६० वॅट-तास. नुसते सेलच साडेतीन किलो भरतात. त्याच व्होल्टेजच्या एनएमसीपेक्षा (निकेल-मँगनीज-कोबाल्टची लिथियम बॅटरी) जड आहे, पण गरमीत जास्त टिकते.

पायडल मारत गेलात तर किलोमीटरला १०-१२ वॅट-तास लागतात. नुसतं थ्रॉटल पिळलं तर त्याहून बरंच जास्त जातं. जून-जुलैत पश्चिमेचा वारा असतो. तुम्ही सकाळी पूर्वेकडं जाता तेव्हा तो पाठीवर असतो आणि परतताना अंगावर. परतीला १८ धरा. दोन्ही मिळून २६०-२७० वॅट-तास, म्हणजे बॅटरी निम्म्याच्या थोडी पुढं रिकामी होईल. लहान बॅटरी घेऊन रोज तळापर्यंत नेण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

कारखान्याच्या पत्र्याखाली किंवा उन्हात सायकल उभी राहणार असेल तर बॅटरी काढून आत न्यायची सोय असलेलाच पॅक घ्या. घरी आल्या आल्या चार्जिंगला लावू नका. बाहेरून हात लावून गरम वाटत असेल तर आतले सेल त्याहून गरम असतात, आणि ४५ अंशांच्या वर लिथियम सेल चार्ज करू नयेत. फरशीवर दोन तास ठेवा, मग लावा.

चार्जरची अदलाबदल होऊ देऊ नका. १२ सेलच्या एलएफपीचा चार्जर ४३.८ व्होल्टचा, तर १० सेलच्या एनएमसीचा ४२ व्होल्टचा. पिन बहुतेकदा सारखीच असते. एलएफपीचा चार्जर एनएमसीला लावला तर प्रत्येक सेलवर ४.३८ व्होल्ट जातात. तो पॅक पेटू शकतो. दोन्ही चार्जरवर खडूनं नाही, पक्क्या मार्करनं लिहून ठेवा.

काटेरी:
मोटरबिटर सगळं ठीक, पण आपल्याकडं सायकल घरात पडून राहते ती वेड्या बाभळीच्या काट्यांमुळं. रस्त्याच्या कडेला झुडपं तोडली की आठवडाभर काटे पसरलेले असतात.

मोटरच्या चाकाचं पंक्चर काढायला चाक उतरवू नका. नट, टॉर्क आर्म, वायर सगळं पुन्हा बसवावं लागतं. सायकल उलटी करा, टायरची एक बाजू रिमवरून सोडवा, तेवढीच ट्यूब बाहेर ओढून तिथंच ठिगळ लावा. मग टायरच्या आतून जुना मऊ कपडा फिरवा. जिथं धागा अडकेल तिथं काट्याचं टोक आहे. बाहेरून काटा दिसतच नाही, दांडी मोडून टोक रबरात राहतं आणि दोन किलोमीटरवर तेच ठिगळाशेजारी पुन्हा टोचतं. पक्कडीनं आतून ओढून काढा.

ट्यूब मोटारसायकलसारख्या वॉल्व्हची घ्या. वॉल्व्हची पिन काढून १०० ते १२० मिली सीलंट (छिद्र आतून बुजवणारा द्रव) भरता येतं. जुन्या पद्धतीच्या वॉल्व्हमधून ते जात नाही, चोंदतं. हवा ४५-५० पीएसआय. मोटरचं आणि बॅटरीचं वजन वाढल्यावर कमी हवेत ट्यूब रिमखाली चिरडते, त्याला दोन समांतर छिद्रं पडतात. तशी दिसली तर काट्याला दोष देऊ नका, हवा भरा.

साखर_पट्टा:
एक शंका. लिथियमचे सेलही मोठ्या प्रमाणात चीनमधूनच येतात. मग तेल थांबवून सेल आणायचे, यात काय मिळवलं? त्यापेक्षा आपल्या जिल्ह्यात एवढे साखर कारखाने आहेत, इथेनॉल वाढवणं बरं नाही का?

हब_मोटर:
शंका रास्त आहे. पण पेट्रोल एकदा जळलं की संपलं. एलएफपी पॅक नीट वापरला तर हजाराच्या वर वेळा भरता येतो. आणि प्रमाण बघा: इलेक्ट्रिक स्कूटरला ३ किलोवॅट-तासाचा पॅक लागतो, या सायकलला अर्ध्या किलोवॅट-तासाहूनही कमी. स्कूटरच्या एका पॅकमधल्या सेलमध्ये अशा सहा सायकली धावतात.

इथेनॉलचा उपयोग आहेच, पण एका लिटरमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच असते. २० टक्के मिश्रणात लिटरमागची ऊर्जा सुमारे ७ टक्क्यांनी घटते. शिवाय ऊस पाणी किती पितो हे आपल्या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. ज्यांना २५-३० किमी जायचं आहे, मागं माणूस बसवायचा आहे, त्यांच्यासाठी ते राहू दे. ९ किमीला एकट्या माणसासाठी इंजिनच लागत नाही.

विजापूर_रोड:
खाच मोजली, १३४ मिमी भरली. चार्जिंगला एसीसारखी वेगळी लाइन ओढावी लागेल का? आणि महिन्याला वीज किती जाईल?

ऊन_पाऊस_वारा:
१३४ चालेल, हातानं ताणून बसेल. वेगळी लाइन नको. २ अँपिअरचा चार्जर शंभर वॅटच्या आसपास घेतो, घरातला साधा ६ अँपिअरचा प्लग पुरतो. रोज २७० वॅट-तास वापरले तर चार्जरमधला तोटा धरून ०.३२ युनिट, महिन्याला आठ-साडेआठ. साडेतीन-चार तासांत बॅटरी भरते, तेवढा वेळ जागे असताना लावा आणि गादी-पडद्यांपासून लांब ठेवा. पावसाळ्यात चार-सहा दिवस सायकल काढणार नसाल तर पूर्ण भरून ठेवू नका, निम्म्यावर ठेवा.