मदत हवी आहे : डांग्या खोकल्याची दोन विषे, सीएएमपी आणि वाढलेले लिम्फोसाइट

नमस्कार,

एम.एस्सी.च्या वर्गात मला डांग्या खोकल्याच्या जिवाणूवर, म्हणजे बोर्डेटेला पर्टुसिसवर, सेमिनार द्यायचा आहे. विषांची नावे आणि त्यांची कामे पाठ आहेत. परंतु त्यांतून रोगाची लक्षणे कशी उद्भवतात हे सांगू लागले की मांडणी एका ठिकाणी अडते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मला समजले ते असे. पर्टुसिस टॉक्सिन सहा उपघटकांचे असते. त्यांपैकी पाच पेशीच्या पृष्ठभागावरील शर्करायुक्त प्रथिनांना चिकटतात आणि सहावा, एस-१, हा खरा विकर (एन्झाइम) असतो. पेशीत शिरलेले विष गॉल्गी संकुलातून उलट्या दिशेने आंतर्द्रव्यजालिकेपर्यंत जाते, तेथे एस-१ सुटा होऊन पेशीद्रवात उतरतो आणि एनएडी या सहविकरातील एडीपी-रायबोज हा तुकडा काढून तो जीआय या, बाहेरचा संदेश पेशीत पोहोचवणाऱ्या प्रथिनाच्या अल्फा घटकातील एका सिस्टीनवर (अमिनो आम्लावर) बसवतो. त्यानंतर जीआयला पेशीच्या अडेनिलिल सायक्लेज या विकराला आवर घालता येत नाही आणि तो तयार करत असलेले सीएएमपी, म्हणजे पेशीत निरोप पोहोचवणारा लहान रेणू, वाढते.

घोळ याच्या पुढे आहे. याच जिवाणूकडे अडेनिलेट सायक्लेज टॉक्सिन नावाचे दुसरे विष आहे आणि ते तर स्वतःच सीएएमपी तयार करते. परिणाम एकच असेल, तर दोन विषांचा खटाटोप कशासाठी? शिवाय ‘कॉलऱ्याचे विष अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरते आणि डांग्या खोकल्याचे विष ब्रेक निकामी करते’ असे आम्हाला शिकवले आहे. ते मान्य केले, तरी तान्ह्या बाळांच्या रक्तात लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) एवढे का वाढतात याचे उत्तर त्यातून काही केल्या निघत नाही. आमच्याकडील एका जुन्या काचपट्टीवर लहान, पक्व लिम्फोसाइटची अक्षरशः दाटी दिसते, काहींच्या केंद्रकाला खोल खाच आहे. प्रथमदर्शनी ल्युकेमियाची शंका यावी असे ते चित्र आहे.

प्रतिसाद

ब्रेकची उपमा परीक्षेपुरती ठीक आहे. लिम्फोसाइटच्या बाबतीत मात्र तीच दिशाभूल करते, कारण अडेनिलिल सायक्लेजला आवरणे एवढेच जीआयचे काम नसते. ग्राहीला (पेशीवरील संदेश पकडणाऱ्या प्रथिनाला) संदेश मिळाला की जीआयचा अल्फा घटक बीटा-गॅमा या जोडीपासून विलग होतो आणि सुटी झालेली ती जोडी स्वतंत्रपणे पुढचा निरोप नेते. रक्तातील लिम्फोसाइट लसिकाग्रंथीत शिरतो तो केमोकाइन नावाच्या रासायनिक खुणांच्या आधारे, आणि या खुणा ओळखणाऱ्या ग्राही जीआयमार्फतच काम करतात. सिस्टीनवर एडीपी-रायबोज बसले की जीआय ग्राहीशी जुळतच नाही, तिन्ही घटक एकमेकांत अडकून राहतात, बीटा-गॅमा मोकळी होत नाही आणि रक्तवाहिनीच्या भिंतीशी आलेल्या पेशीला आत शिरण्याचा आदेशच मिळत नाही. थोडक्यात, लिम्फोसाइट रक्तात साचतात ते मुख्यतः ग्रंथींत परतण्याची वाट बंद झाल्यामुळे. येथे सीएएमपीच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

ही केवळ रक्ततपासणीतील गंमत नव्हे. गंभीर आजारी अर्भकांत पांढऱ्या पेशींची संख्या दर घनमिलिमीटरला 1 लाखाच्या वर जाऊ शकते, फुफ्फुसांतील बारीक रक्तवाहिन्या त्यांनी तुंबतात आणि तेथील रक्तदाब धोकादायक वाढतो. म्हणूनच काही बाळांचे रक्त बदलून या पेशी कमी करण्याचा प्रयत्न केला जातो.

दुसऱ्या विषाची गोष्ट निराळी आहे. अडेनिलेट सायक्लेज टॉक्सिन प्रामुख्याने न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज या जिवाणू गिळणाऱ्या पेशींवरील सीडी-११बी/सीडी-१८ या ग्राहीला धरते आणि गॉल्गीचा वळसा न घेता थेट प्रद्रव्यपटल भेदून आत शिरते. त्याला जागे करते आपल्याच पेशीतील कॅल्मोड्युलिन हे प्रथिन, जे जिवाणूकडे नसते. काही मिनिटांत सीएएमपी इतके वाढते, की त्या पेशीची जिवाणू गिळण्याची आणि ऑक्सिजनयुक्त मारक रेणू तयार करण्याची क्षमता ढासळते. मात्र हा परिणाम जिवाणूच्या आसपासच आणि अल्पकाळ असतो. पर्टुसिस टॉक्सिन सावकाश काम करते, पण रक्तावाटे दूरवर पोहोचते आणि त्याची करणी टिकते.

धागाकर्ती

मनःपूर्वक आभार. आता शेवटची शंका : मुख्य लक्षण तर खोकला आहे. तो कोणत्या विषाच्या खात्यावर मांडावा? आणि अझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाने जिवाणू मेल्यावरही आठवडेच्या आठवडे उबळ का येत राहते?

प्रतिसाद

खोकला एकाच विषाच्या नावावर लिहू नका. 1979 मध्ये मार्गारेट पिटमन यांनी हा रोग मूलतः पर्टुसिस टॉक्सिनचा आहे असे गृहीतक मांडले आणि लसींच्या दृष्टीने ते फार उपयोगी ठरले. परंतु बोर्डेटेला पॅरापर्टुसिस या भाईबंदाकडे त्या विषाचे जनुक असूनही विष तयार होत नाही, आणि तरीही त्याच्यामुळे, सहसा सौम्य असला तरी, तसाच खोकला होतो. लिम्फोसाइटची वाढ मात्र त्यात दिसत नाही.

श्वासनलिकेचे नुकसान करणारा घटक म्हणजे ट्रॅकिअल सायटोटॉक्सिन. हे प्रथिन नव्हे, तर जिवाणूच्या पेशीभित्तिकेचा सुमारे 921 डाल्टनचा तुकडा आहे. बहुतेक जिवाणू असे तुकडे पुन्हा आत घेऊन वापरतात. हा जिवाणू ते बाहेर टाकतो. त्यामुळे शेजारच्या पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडू लागतात आणि कफ वर ढकलणाऱ्या, सूक्ष्म केस असलेल्या पेशी मरून गळतात. कफ साचणे यातून समजते. उबळीचे तेवढे पुरेसे कारण नाही. जपानमधील ओसाका विद्यापीठाच्या गटाने 2022 मध्ये उंदरांवर दाखवले, की जिवाणूच्या बाह्य आवरणातील लिपो-ऑलिगोसॅकराइड आणि व्हॅग-८ हे प्रथिन मिळून ब्रॅडिकायनिन या शरीरातल्याच दाहकारक रेणूमार्फत चेतातंतूंवरील टीआरपीव्ही-१ वाहिनीला हळवे करतात, आणि तो हळवेपणा आवरणारा जीआय मार्ग पर्टुसिस टॉक्सिन बंद करते. सेमिनारमध्ये हे सांगताना ‘उंदरांत’ हा शब्द गाळू नका.

प्रतिजैविकाने जिवाणू मरतात, पण बदललेले जीआय पूर्ववत होत नाही. पेशीला नवे प्रथिन तयार करावे लागते आणि गळलेले अस्तर भरून यायलाही वेळ लागतो. म्हणून सुरुवातीच्या सर्दीसारख्या टप्प्यात दिलेले अझिथ्रोमायसिन आजार सौम्य करू शकते, तर उबळी सुरू झाल्यावर ते प्रामुख्याने संसर्ग घरातील इतरांना होऊ नये यासाठी दिले जाते.