आईची शुगर 6.2 वर आणली आणि द्वादशीच्या पहाटे ती मोरीत पडली. आता 7.5 चालेल म्हणतात, खरंच चालेल का?

मिरजकर:
आई 72 वर्षांची, शुगर 16 वर्षांपासून. वडिलांचीही शुगरच होती. आधी अंगठा, मग पाऊल, मग गुडघ्याखाली पाय असं एकेक जाताना मी पाहिलंय. म्हणून आईचं एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, 7.8 आलं तेव्हा मीच डॉक्टरांच्या मागे लागलो, सहाच्या घरात आणा म्हणून. शुगर उतरवणारी ग्लिमेपिराइड गोळी वाढवली, रात्रीचा भात बंद केला. मार्चमध्ये 6.2 आलं. तो रिपोर्ट मी सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता.

आषाढी एकादशीला आईने सकाळची गोळी नेहमीसारखी घेतली आणि दिवस थोडी भगर आणि ताकावर काढला. द्वादशीला पहाटे साडेचारला मोरीत पडलेली सापडली. अंग घामाने निथळत होतं, मला ओळखेना, वडिलांना हाका मारत होती. आम्हाला वाटलं अर्धांगाचा झटका. शेजारच्या काकू ग्लुकोमीटर घेऊन धावत आल्या: त्या वेळची रक्तातली शुगर फक्त 41. दवाखान्यात शिरेतून ग्लुकोज दिल्यावर थोड्या वेळात विचारते, "चहा झाला का रे?"

डॉक्टरांनी गोळी निम्म्यावर आणली आणि आता 7.5 ते 8 राहू दे म्हणाले. किडनीच्या तपासणीत क्रिएटिनिन 1.4, जीएफआर (किडनी रक्त किती वेगाने गाळते तो आकडा) 40, म्हणजे किडनी मंदावलेली. मला झोप नाही. सैल सोडलं तर डोळे, किडन्या, पाय जातील ना? आयुष्यभर तेच ऐकलंय.

कृष्णाकाठ:
माझ्या सासऱ्यांचं असंच झालं होतं. आई बीपीसाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी घेतात का बघा. त्या गोळीने हात थरथरणं, छातीत धडधडणं कळत नाही. घाम मात्र येतो. शुद्धीवर असतील तर 3 चमचे साखर पाण्यातून द्या, 15 मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, ठसका लागून श्वासात जातं.

पुणे_समन्वयक:
मिरजकर, मी बरीच वर्षं मधुमेहाच्या औषधांच्या चाचण्यांवर समन्वयक म्हणून काम केलं. दर भेटीला एक प्रश्न ठरलेला असायचा: शुगर उतरली तेव्हा दुसऱ्या माणसाची मदत लागली का? उत्तर हो असेल तर ती घटना 'गंभीर' म्हणून नोंदवायची. आज्या सांगायच्या, "जरा चक्कर आली, बसले थोडी." खोदून विचारलं की कळायचं, सुनेने साखर भरवली होती. तुमच्या आईंचं तेच झालंय, म्हणून डॉक्टरांनी गोळी कमी केली हे मला अगदी योग्य वाटतं.

तुम्ही ऐकलेलं खोटं नाही, पण ते कुणाबद्दल सिद्ध झालं ते बघा. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस चाचणीत नुकताच टाइप 2 मधुमेह निघालेली, सरासरी पन्नाशीतली माणसं होती. 10 वर्षांत एका गटाचं एचबीएवनसी 7.0 राहिलं, दुसऱ्याचं 7.9. 1998 मध्ये निकाल आला: कडक गटात डोळे-किडनीसारखे बारीक रक्तवाहिन्यांचे त्रास 25 टक्क्यांनी कमी. पुढे दोन्ही गटांचे आकडे सारखे झाले, तरी तो फायदा 10 वर्षांनीही टिकून होता. सुरुवातीच्या वर्षांची मेहनत पुढे कामी येते, ती अशी.

मग अमेरिका आणि कॅनडात अकॉर्ड नावाची चाचणी झाली. 10,251 रुग्ण, सरासरी वय 62, मधुमेह साधारण 10 वर्षं जुना, हृदयविकार झालेला किंवा त्याचा धोका मोठा. एका गटाला सहाच्या खाली नेण्याचं लक्ष्य होतं आणि ते 6.4 पर्यंत पोचलेही. फेब्रुवारी 2008 मध्ये तो भाग मध्येच थांबवावा लागला, कारण कडक गटात 257 मृत्यू झाले होते आणि सैल गटात 203. गंभीर हायपो, म्हणजे शुगर फार उतरण्याच्या घटनाही कडक गटात कितीतरी जास्त. मृत्यू हायपोमुळेच झाले असं सिद्ध झालं नाही, पण वयस्कर, जुन्या मधुमेहाच्या माणसाला औषधांच्या जोरावर सहावर नेण्याचा आग्रह तिथून ओसरला.

तुमच्या आई दुसऱ्या चाचणीतल्या माणसांसारख्या आहेत, त्यांच्याहून 10 वर्षांनी मोठ्या. त्यात किडनी मंद असली की ग्लिमेपिराइडचा असर शरीरात रेंगाळतो.

किडनीची काळजी असेल तर बीपीकडे बघा, हे मी हात जोडून सांगते. यूकेपीडीएसमध्येच 1,148 जणांचं बीपी वेगळं तपासलं. 154/87 ऐवजी 144/82 राहिलेल्यांत पक्षाघात 44 टक्क्यांनी कमी झाले. आणि लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जातंय का ते तपासून घ्या. ते बरंच जात असेल तर ग्लिफ्लोझिन गटाच्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा. 2019 च्या क्रेडेन्स चाचणीत अशाच 4,401 रुग्णांमध्ये कॅनाग्लिफ्लोझिनने किडनी निकामी होण्यासारख्या मोठ्या घटना 30 टक्क्यांनी कमी केल्या, आणि या गोळ्या एकट्याने सहसा शुगर पाडत नाहीत. फक्त उपासाच्या दिवशी त्या घ्यायच्या का, हेही विचारून ठेवा.

मिरजकर:
बीपी गेल्या वेळी 160 होतं. त्याकडे मी बघितलंच नाही, सगळं लक्ष त्या एका आकड्यावर. आणि पाय?

पायाची_बाई:
मी ड्रेसिंगचं काम करते. रोज रात्री आईंचे तळवे तुम्ही स्वतः बघा, बोटांच्या बेचक्यासकट. देवळात अनवाणी जाणं बंद. डॉक्टरांकडे 10 ग्रॅम दाबाचा नायलॉनचा दोरा असतो, तो तळव्याला टेकवून संवेदना आहे का ते कळतं. वर्षातून एकदा करून घ्या, दोन मिनिटं लागतात. वडिलांच्या बाबतीत ते कुणी केलं असतं तर, असं तुमच्या मनात येईल. येऊ द्या, पण आईंचे पाय अजून शाबूत आहेत.

मिरजकर:
आज डॉक्टरांकडे जाऊन आलो. बीपीची गोळी बदलली, लघवीची तपासणी सोमवारी आहे. दोरा टेकवला, डाव्या पायाच्या दोन जागी आईला कळलं नाही. आई म्हणते कामिका एकादशी करणारच. त्या दिवशी सकाळी ग्लिमेपिराइड गाळायची आणि रात्री झोपण्याआधी शुगर बघायची असं ठरलंय. मीटर घरी आणलं, तिच्या उशाशी ठेवलंय.