मदत हवी आहे: दिल्ली पासिंगची जुनी डिझायर, चेसिस नंबरवर शंका

पुण्यात एका एजंटकडे २०१८ ची पेट्रोल डिझायर बघितली आहे. दिल्ली पासिंग, भाव बाजारापेक्षा बराच कमी. टोकन अजून दिलेलं नाही.

एमपरिवहन या सरकारी ॲपवर मॉडेल, रंग, विमा सगळं जुळतं, कर्जाचा बोजा नाही. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) पोर्टलवर नोंदणी, इंजिन आणि चेसिस नंबर टाकून पाहिले, चोरीची नोंद नाही.

तरी मन मानत नाही. चेसिस नंबरच्या पट्टीवरचा रंग आजूबाजूपेक्षा ताजा वाटतो आणि शेवटचे दोन आकडे ओळीपेक्षा किंचित खाली आहेत. टोटल लॉस झालेल्या, म्हणजे अपघातात दुरुस्तीपलीकडे गेलेल्या गाडीचे कागद घेऊन तोच नंबर चोरीच्या गाडीवर ठोकतात. तसं असेल तर ऑनलाइन सगळं बरोबरच दिसणार ना!

मूळ मालक दिल्लीत. एजंट म्हणतो, मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या आहेत, दिल्ली आरटीओची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) 'मागाहून येईल'. मालकाचा फोन नंबर द्यायला टाळाटाळ चालली आहे. पैसे रोख हवेत. एनओसीशिवाय मी पैसे देणार नाही, तेवढं पक्कं आहे. दुसरी गाडी बघायचीही तयारी आहे.

दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. अधिकृत सर्व्हिस सेंटरवाले गाडीच्या कॉम्प्युटरमधला चेसिस नंबर वाचून, मी मालक नसतानाही, जुन्या सर्व्हिस नोंदींशी ताडून देतात का? आणि नंबर मूळचा की पुन्हा ठोकलेला, हे खरेदीआधी पुण्यात अधिकृतपणे कोण तपासून देतं?