मदत हवी आहे: ‘लेकरू’ कुठवर म्हणायचं?

राम राम मंडळी. मी बीड जिल्ह्यातली, समाजशास्त्रात एम.ए. करतेय. प्रकल्पाचा विषय: बालपण ठरवतं कोण? कायदा बघावा तर 2009 चा शिक्षण हक्क 6 ते 14 धरतो, 2006 चा बालविवाहविरोधी कायदा मुलीला 18 पर्यंत बालक मानतो. 1929 च्या शारदा कायद्यात, म्हणजे बालविवाहाविरुद्धच्या जुन्या कायद्यात, तिची मर्यादा 14 होती (आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात, अन् तो कायदा ब्रिटिश हद्दीतला, ते सोडा).

पण खरी गोम घरात आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीला टोळ्या निघतात. आठ-नऊ वर्षांची पोरगी कोपीवर (तोडीच्या ठिकाणच्या झोपडीत) धाकट्याला सांभाळते, पाणी भरते, भाकरी थापते. आई कौतुकानं सांगते, “लई कळती झाली.” तिचाच बारा वर्षांचा भाऊ मात्र “अजून लेकरूच हाय”! मला हे ऐकून हसू येतं, आणि रागही.

घरातल्या जुन्या माणसांना एवढं विचाराल का: तुम्ही लेकरू राहिला नाहीत, हे कशावरून कळलं? शाळा सुटली, न्हाण आलं, हातात कोयता आला, की नुसतं कुणी “आता मोठी झालीस” म्हणालं? लातूर, परभणी, हिंगोलीकडचे या वयाचे शब्दही हवेत. नाव-गाव लिहू नका, साधारण साल आणि जिल्हा पुरे.